दुर्बीण घ्यावी, पण उचलेल अशी

परवा संध्याकाळी आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. मुलगा नववीतला, चुणचुणीत. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग गृहस्थ मुद्द्यावर आले. "सर, ह्याला आकाश बघायचं वेड लागलंय. दुर्बीण घ्यायची म्हणतोय. आठ इंची घेऊ की दहा इंची? घ्यायचीच तर मोठी घ्यावी, नाही का?"

मी विचारलं, "तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

ते जरा गोंधळले. "तिसऱ्या. का?"

"लिफ्ट?"

"नाही."

"गाडी कुठली?"

"स्कूटर आहे. पण सर, दुर्बिणीचा आणि स्कूटरचा काय संबंध?"

मंडळी, संबंध आहे. चांगला जवळचा आहे. तो मला कळायला दोन वर्षं लागली, आणि त्याची जी किंमत मोजावी लागली ती पैशातली नव्हती. त्या मुलासमोर सगळं सांगता आलं नाही, म्हणून आज इथं सांगतो.

आधी हे इंच म्हणजे काय ते बघू. आठ इंची दुर्बीण म्हणजे जिच्या आरशाचा किंवा पुढच्या भिंगाचा व्यास आठ इंच आहे ती. हा व्यास जेवढा मोठा तेवढा उजेड जास्त गोळा होतो. पावसात परात ठेवली तर वाटीपेक्षा पाणी जास्त साठतं, तसंच. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. पाच इंची, म्हणजे १३० मिलिमीटरची दुर्बीण त्याच्या सुमारे साडेतीनशेपट उजेड गोळा करते. आठ इंची त्याच्याही अडीचपट. दुकानदार "अमुकपट मोठं दिसेल" असं खोक्यावर लिहितात, त्याकडे फारसं लक्ष देऊ नये. मोठं करणं हे मागच्या छोट्या भिंगाचं, म्हणजे नेत्रिकेचं काम. ती बदलली की पट बदलतो. खरा जीव व्यासात असतो. म्हणून जाणकार सांगतात, व्यास मोठा घ्या. सांगतात ते खरंच आहे. फक्त व्यासाबरोबर वजनही वाढतं, हे ते जरा हळू आवाजात सांगतात.

मी २०२१ साली शाळेतून निवृत्त झालो. पैसे हातात होते आणि पोरवयापासूनची हौस मनात होती. आठ इंची दुर्बीण घेतली. चार फूट लांबीची, पाण्याच्या जाड पाइपासारखी नळी आणि तिला बसवायचं लाकडी बैठं खोकं. नळी नऊ-दहा किलोंची, खोकं तेवढंच. आमचं घर टिळकवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या रात्री आधी खोकं गच्चीवर नेलं, मग नळी नेली, मग नेत्रिकांची पेटी आणली, मग राहिलेली खुर्ची आणली. चंद्र पाहिला आणि सगळे श्रम विसरलो. गुरूचे पट्टे पाहिले. शेजारपाजारच्यांना हाका मारल्या. पहिला महिना असाच उत्साहात गेला.

दुसऱ्या महिन्यात कंबर बोलायला लागली. तिसऱ्या महिन्यात मी आकाशाकडे बघून म्हणू लागलो, "आज जरा धुरकट दिसतंय, उद्या काढू." चौथ्या महिन्यात सौभाग्यवतींनी त्या नळीवर जुनी चादर घातली. पाहुणे विचारायचे, "हे काय, गिझर काढून ठेवलाय होय?"

तेवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण माझी थोरली बहीण निपाणीजवळच्या खेड्यात असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिची उमेदीची सगळी वर्षं विड्या वळण्यात गेली. दाजींची थोडी तंबाखूची आणि थोडी उसाची शेती. आमच्याकडे शेतीची वीज बहुतेक रात्रीचीच येते, त्यामुळे उसाला पाणी पाजायला दाजींचा जन्मभर रात्री मळ्यात मुक्काम. घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. सप्तर्षीला ते बाज म्हणायचे आणि मृगाच्या पोटातल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांना तिकांडं. तिकांडं डोक्यावर आलं, की मध्यरात्र झाली का पहाट, ते महिन्यावरून बिनचूक सांगायचे. शाळा चौथीपर्यंत, पण आभाळ माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. मी पुस्तकातून शिकलो, ते बांधावर बसून शिकले.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी दुर्बिणीचं कौतुक सांगत होतो, तेव्हा दाजी म्हणाले, "तिकांड्याच्या खाली एक धुरासारखं काय तरी दिसतंय बगा मला. चांदणी न्हाई ती. तुमच्या नळीतनं एकदा दाखवा की." आणि आक्का म्हणाली, "मला त्यो शनी बगायचाय. त्याच्यापायी किती शनवार उपास धरलं, एकदा तोंड तर बगू."

मी "आणतो की" म्हणालो.

बेळगाव ते निपाणी रस्ता सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांचा, हमरस्ता, फार तर दीड तासाचा. पण ती चार फुटी नळी एस.टी.त कुठं ठेवायची? वरच्या फळीवर मावत नाही, डिकीत टाकली तर आरसा फुटायची भीती. निपाणी स्टँडवर उतरून पुढं वडापनं जायचं, तिथं तर माणसालाच बसायला जागा नसते. मग गाडी भाड्यानं करायची. एकदा गाडी ठरली तर आभाळ भरून आलं. एकदा आभाळ स्वच्छ तर ड्रायव्हर लग्नाच्या भाड्याला गेला. पहिला हिवाळा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या कमरेनंच असहकार पुकारला. "ह्या खेपेला राहू दे, पुढच्या खेपेला नक्की," असं मी म्हणत राहिलो. २०२३ च्या आषाढात दाजी गेले. तेराव्याला मळ्यात उभा होतो, पाऊस लागला होता. आभाळात एक तारा नव्हता, आणि माझी आठ इंची दुर्बीण बेळगावात चादरीखाली सुखरूप होती.

त्या पावसाळ्यात मी बरंच वाचलं. हा घोळ करणारा मी काही पहिला नव्हे, हे वाचून जरा बरं वाटलं. विल्यम हर्शेल हे नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. १७८१ साली त्यानं युरेनस शोधला. पुढं इंग्लंडच्या राजाच्या पैशातून त्यानं १७८९ साली चाळीस फूट लांबीची दुर्बीण उभी केली. चार फूट व्यासाचा धातूचा आरसा, शेकडो किलो वजनाचा. नळी हलवायला लाकडी सांगाडा, दोरखंड, कप्प्या आणि हाताखाली माणसं. लोक लांबलांबून ती बघायला येत. पण आरसा वारंवार काळा पडे, सगळी यंत्रणा मांडेपर्यंत रात्र निघून जाई. त्यामुळे खुद्द हर्शेलनं आपलं बहुतेक काम त्याच्या जुन्या वीस फुटी दुर्बिणीवरच केलं. जगातली सर्वांत मोठी दुर्बीण अंगणात उभी, आणि मालक धाकटीवर काम करतोय! शेवटी ती मोठी दुर्बीण त्याच्या मुलानं, जॉन हर्शेलनं, १८३९ च्या अखेरीस उतरवली. त्या वेळी घरच्या मंडळींनी त्या नळीत बसून गाणं म्हटलं म्हणे. निरोप म्हणून छानच, पण दुर्बिणीचा उपयोग बसायला व्हावा याला काय म्हणायचं?

हाच मुलगा वीस फुटी दुर्बीण सुटी करून जहाजातून आफ्रिकेच्या टोकाला, केपला घेऊन गेला. १८३४ ते १८३८ अशी चार वर्षं तिथं राहून त्यानं दक्षिणेचं आकाश धुंडाळलं. म्हणजे चाळीस फुटी जागेवर राहिली आणि वीस फुटी समुद्र ओलांडून गेली.

आता खरी गंमत पुढं आहे, कारण ती आपल्या मुलखात घडली. त्या घराण्यातली तिसरी पिढी, म्हणजे विल्यमचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल, इथल्या सर्वेक्षण खात्यात नोकरीला होता. १८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या भागातून खग्रास सूर्यग्रहण जाणार होतं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यासाठी साहित्य पाठवलं आणि हा नातू ते घेऊन जमखंडीला गेला. जमखंडी आज आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात आहे, तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं. बेळगावला रेल्वे यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती. त्या काळी आपल्या भागात अवजड सामान हलायचं ते बैलगाडीनं आणि माणसांच्या खांद्यावरून. अशा मुलखात त्यानं वापरलेली दुर्बीण किती इंची होती? पाच इंची! श्रावणातलं ढगाळ आभाळ, ढग मध्येमध्ये सूर्य झाकत होते. तरी मिळालेल्या थोड्या क्षणांत त्यानं सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. ह्या ज्वाळा म्हणजे तापलेला वायू आहे, हे त्या दिवशी भारतात ठिकठिकाणी झालेल्या निरीक्षणांतून जगाला कळलं, आणि त्यात जमखंडीचा वाटा होता. आजोबांची चाळीस फुटी जमखंडीला कधीच पोचली नसती. नातवाची पाच इंची पोचली, म्हणून ग्रहण पाहता आलं.

हे वाचल्यावर मी आठ इंची विकून टाकली. घेणारे गृहस्थ बंगल्यात तळमजल्यावर राहणारे, मागं मोठं अंगण. त्यांच्याकडे ती चाकांच्या पाटावर उभी असते आणि रोज बाहेर येते. मोठी दुर्बीण वाईट नाही, ती माझ्या जिन्याला वाईट होती, एवढंच. मी पाच इंची घेतली. दोन फुटांची आखूड नळी, खाली टेबलावर ठेवायची छोटी बैठक, सगळं मिळून सहा-सात किलो. जुन्या गादीचा तुकडा शिवून तिला पिशवी केली. एका खांद्यावर दुर्बीण, दुसऱ्या खांद्यावर पाण्याची बाटली आणि नेत्रिका.

त्या लाकडी बैठकीचं श्रेय जॉन डॉबसन नावाच्या एका संन्याशाला जातं. १८९२ साली आपल्या बेळगावात राहून गेलेल्या स्वामी विवेकानंदांच्या परंपरेतला हा अमेरिकेतला साधू. मठात राहून त्यानं जहाजाच्या खिडकीच्या काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि लाकडाची साधी खोकी वापरून दुर्बिणी केल्या आणि चाकांवर घालून त्या गल्लोगल्ली ओढत नेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चंद्र, शनी दाखवायचा. १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला, पण रस्त्यावरचं दाखवणं त्यानं म्हातारपणापर्यंत सोडलं नाही. त्याच्या दुर्बिणी काही लहान नव्हत्या. पण त्या लोकांपर्यंत जाव्यात, हे त्यानं आधी ठरवलं आणि मग बाकीचं जुळवलं.

आता कुणी विचारेल, पाच इंचीतून कमी दिसत नाही का? दिसतं, कबूल. पण आपल्या भागाचा हिशेब मांडून बघा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, ऑक्टोबर अर्धामुर्धा. खरं स्वच्छ आभाळ नोव्हेंबर ते मार्च. त्यातून चांदण्या रात्री वजा करा, घरची लग्नकार्यं, परीक्षा, सर्दीपडसं वजा करा. वर्षाला मोजून पंधरा-वीस रात्री हाती राहतात. शहरात दिव्यांच्या उजेडानं आभाळ पांढुरकं असतं. जांबोटी-कणकुंबीकडे गेलात किंवा निपाणीकडच्या एखाद्या आतल्या गावात गेलात, तर तेच आभाळ काळंभोर होतं. अंधुक तेजोमेघ किंवा आकाशगंगा बघायची तर गावाबाहेर नेलेली पाच इंची, शहरातल्या गच्चीवरच्या आठ इंचीला बऱ्याचदा मागं टाकते. अंधार हा फुकटचा व्यास आहे. फक्त त्याच्यापर्यंत दुर्बीण न्यावी लागते.

म्हणून घेण्यापूर्वी काही गोष्टी घरी करून बघाव्यात. आठ इंची घ्यायची असेल तर दहा-दहा किलोंच्या तांदळाच्या दोन पिशव्या जिन्यावरून वर-खाली करा, आठवडाभर, रोज रात्री जेवणानंतर. जमलं तर खुशाल घ्या. स्कूटरवर न्यायची असेल तर पायाशी दोन फुटांपेक्षा लांब काही राहत नाही, हे ध्यानात ठेवा. चारचाकी असेल तर मागच्या सीटची रुंदी मोजा. चार फुटी नळी आडवी बसते, पण मग माणसं कुठं बसणार, तेही मोजा. आरशाची दुर्बीण घाटातल्या खड्ड्यांतून नेली की आरसा थोडा हलतो, मागचे स्क्रू फिरवून तो पुन्हा सरळ करावा लागतो. शिकायला एक संध्याकाळ पुरते. हे नको असेल तर भिंगाची सत्तर-ऐंशी मिलिमीटरची दुर्बीण बरी, पण तिचं स्टँड लटपटतं नाही ना ते बघून घ्या. भिंग आणि आरसा दोन्ही असलेल्या बुटक्या दुर्बिणीही मिळतात, अगदी फूटभर लांबीच्या. पिशवीत मावतात, पैसे मात्र जास्त पडतात. आणि काहीच ठरत नसेल तर दहा बाय पन्नासची जोडदुर्बीण घ्या. किलोभर वजन, गळ्यात अडकवली की झालं. गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, चंद्रावरची मोठी विवरं तिच्यातूनही दिसतात.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेनं काचांवर बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाका. आणि मुलांना एक गोष्ट दटावून सांगा: खास गाळणी पुढं बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही. डोळा क्षणात जातो आणि परत येत नाही.

२०२३ च्या डिसेंबरात, अमावस्येच्या आसपास, मी दुपारची एस.टी. पकडली. दुर्बीण मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "काय हो हे, तबला?" मी हो म्हणालो, उगाच घाटात व्याख्यान कशाला? निपाणीला उतरून वडापनं आक्काच्या दारात गेलो. अंधार पडल्यावर भाच्यानं अंगणात पिंप पालथं घातलं, त्यावर दुर्बीण ठेवली. शनी नैर्ऋत्येला होता. आक्काच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून दुसरा डोळा लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कडं हाय की रं त्याला. हातातल्या पाटलीगत."

मी विचारलं, "मग आता उपास सोडणार?"

"उपासाचा आन् ह्याचा काय संबंध? उपास माझा हाय." आणि पुन्हा डोळा लावला.

आठ-साडेआठला तिकांडं पूर्वेला बरंच वर आलं. त्याच्या खाली दुर्बीण नेली. त्या धुरासारख्या ठिपक्याचा पंख पसरल्यासारखा तेजोमेघ झाला आणि त्याच्या पोटात चार बारके तारे जवळजवळ दिसले. तिथं नवे तारे जन्माला येतात, हे मी आक्काला सांगितलं. तिनं पाहिलं, भाच्यानं पाहिलं, शेजारची पोरं रांगेत उभी राहिली. मग आक्का पदरानं डोळा पुसत म्हणाली, "त्यांस्नी दिसत हुतं म्हणायचं हे, नुसत्या डोळ्यानं."

होय, दिसत होतं. मृगातला तो तेजोमेघ अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना अंधुक दिसतोच. दाजींनी दुर्बिणीवाचूनच तो हेरला होता. मला फक्त तो जवळ आणून दाखवायचा होता, आणि तेवढं मला दोन हिवाळ्यांत जमलं नाही. मोठी दुर्बीण होती म्हणून जमलं नाही.

त्या नववीतल्या मुलाला मी एवढंच विचारलं, "तुझे आजी-आजोबा कुठं असतात?"

"खानापूरकडं, गावी."

"एस.टी.नं जातोस?"

"हो."

"मग एस.टी.त मांडीवर मावेल तेवढीच घे."

गृहस्थांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मुलगा मात्र निघताना माझ्या दुर्बिणीची पिशवी हळूच खांद्याला लावून बघत होता.